आर्थर व्हार्टन : एका विस्मृत गोलरक्षकाचें चरित्र

खेळांचा इतिहास हा विद्वानांच्या व्यासंगास योग्य विषय आहे किंवा नाहीं, याविषयीं आपल्याकडील सुशिक्षित वर्गांत अजून एकमत झालेलें नाहीं. सामन्यांचे निकाल तोंडपाठ म्हणून दाखविणारे तरुण घरोघर आढळतात. पण जो मनुष्य धांवा किंवा गोल यांच्या आंकड्यांपलीकडे जाऊन एखाद्या खेळाडूच्या आयुष्याचा शोध घेऊं लागेल, त्याला रिकामटेकडा ठरवून मोकळें होण्याकडे आपली प्रवृत्ति असते. आमच्या मतें ही प्रवृत्ति बरोबर नाहीं. एखाद्या समाजानें कोणाला डोक्यावर घेतलें, त्याच्या श्रमाचा काय मोबदला दिला, आणि अंगांतली रग ओसरल्यावर त्याला कोठें नेऊन सोडलें, हें खेळाच्या मैदानावर जितकें उघड दिसतें तितकें तें पार्लमेंटच्या वृत्तांतांतही सांपडत नाहीं. या विधानाच्या पुष्ट्यर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तर भागांत गोलरक्षक म्हणून खेळलेल्या आर्थर व्हार्टन या गृहस्थाचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

व्हार्टनचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजीं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आक्रा शहराच्या जेम्सटाउन भागांत झाला. तो प्रदेश तेव्हां गोल्ड कोस्ट या नांवानें ओळखला जाई. १९५७ सालीं स्वतंत्र झाल्यावर त्यानें घाना हें नांव धारण केलें. वडील हेन्री व्हार्टन हे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटांतून आलेले वेस्लियन मेथडिस्ट पंथाचे पाद्री. त्यांच्या कुळांत आफ्रिकन आणि स्कॉटिश असे दोन्ही वंश मिसळलेले होते. आई फान्टी लोकांच्या राजघराण्याशीं नातें असलेली. इंग्रजी विद्या आणि ख्रिस्ती धर्म यांच्या योगानें त्या किनाऱ्यावर जो एक नवा प्रतिष्ठित वर्ग उदयास येत होता, त्यांतलेंच हें घर. वडिलांचें छत्र लहानपणींच हरपलें, तरी मुलाच्या शिक्षणाचा संकल्प सुटला नाहीं. १८८२ मध्यें तो इंग्लंडांत आला; प्रथम स्टॅफर्डशायरमधील कॅनॉक येथें आणि १८८४ पासून डार्लिंग्टनच्या क्लीव्हलंड कॉलेजांत त्याचें अध्ययन चाललें. शिकून धर्मोपदेशक व्हावें व मायदेशीं परत जाऊन मिशनचें कार्य करावें, असा बेत होता. परंतु पुस्तकांपेक्षां मैदानाची ओढ प्रबळ ठरली, आणि धर्मोपदेशकाचा पेशा त्यानें कायमचा सोडून दिला.

हा तरुण डार्लिंग्टनला पोंचला तो काळ दोन कारणांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. नोव्हेंबर १८८४ पासून फेब्रुवारी १८८५ पर्यंत बर्लिन येथें युरोपांतील राष्ट्रांची परिषद भरून आफ्रिकेच्या वांटणीचे नियम ठरले. त्या खंडांतील लोक बुद्धीनें मंद आणि दुसऱ्याच्या देखरेखीवांचून निरुपयोगी आहेत, हें मत शास्त्राचा मुलामा देऊन सांगणारे पंडित त्या सुमारास युरोपभर मान्यता पावत होते. दुसरें कारण वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. जुलै १८८५ मध्यें इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें पैसे घेऊन खेळणाऱ्यांस प्रथमच मान्यता दिली. तोंपर्यंत या खेळाचीं सूत्रें मुख्यतः पब्लिक स्कुलांत शिकलेल्या सधन लोकांच्या हातीं होतीं, आणि पैशासाठीं खेळणें हें त्यांच्या दृष्टीनें खेळाला काळिमा लावणें होतें. उलट लँकेशायर-यॉर्कशायरमधील गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या मजुराला मजुरी बुडवून खेळणें परवडणारें नव्हतें. नव्या ठरावानें या मजुराला मैदानाचें दार उघडें झालें, आणि त्याच दारानें पुढें गोल्ड कोस्टच्या या पाद्र्याचा मुलगाही आंत आला. एका वर्षांत एका ठिकाणीं आफ्रिकन मनुष्याची योग्यता कागदावर ठरविली जात होती, आणि दुसऱ्या ठिकाणीं ती प्रत्यक्ष पाहण्याची सोय होत होती. हा योगायोग मोठा बोधप्रद आहे.

व्हार्टनला पहिली कीर्ति मिळाली ती फुटबॉलमुळें नसून धांवण्यामुळें. ३ जुलै १८८६ रोजीं लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर अॅमेच्युअर अॅथलेटिक असोसिएशनच्या अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. वीस वर्षांच्या व्हार्टननें शंभर यार्डांची शर्यत दहा सेकंदांत जिंकली. प्राथमिक फेरींत आणि अंतिम फेरींत दोन्ही वेळां घड्याळांत दहाच सेकंद भरले. पुढच्या वर्षीं त्यानें हें अजिंक्यपद पुन्हा मिळविलें. त्याच १८८६ च्या उन्हाळ्यांत आपल्या मुंबईच्या पारशी क्रिकेटपटूंचा पहिला संघ इंग्लंडांत दौरा करीत होता, आणि अठ्ठावीस सामन्यांपैकीं एकच जिंकून परतला. साम्राज्यांतील प्रजाजनांनीं राज्यकर्त्यांच्या घरीं जाऊन त्यांच्याच खेळांत उतरण्याचे हे आरंभीचे प्रयत्न होत. पारशी मंडळी पाहुणे म्हणून आली व परत गेली. व्हार्टन तेथेंच राहिला, आणि त्याची कसोटी अधिक दीर्घ व अधिक कठीण झाली.

आतां गोलरक्षकाच्या जागेविषयीं थोडें खुलासेवार सांगणें अवश्य आहे. कारण आजचा सामना डोळ्यांपुढें ठेवून त्या काळच्या गोलरक्षकाची कल्पना येणार नाहीं. त्या वेळीं गोलाच्या खांबांमागें जाळी नसे. ती १८९१ पासून प्रचारांत आली. पेनल्टी किक हा प्रकारही त्याच वर्षीं सुरू झाला, आणि मौज अशी कीं, त्याची सूचना करणारे आयर्लंडमधील विल्यम मॅक्रम हे स्वतः गोलरक्षकच होते. संघांतील इतरांहून वेगळ्या रंगाचा पोशाख त्याला सक्तीचा झाला तो १९०९ मध्यें. आपल्या अर्ध्या मैदानांत कोठेंही चेंडूला हात लावण्याची त्याला मुभा असे. ती पेनल्टी क्षेत्रापुरती मर्यादित होण्यास १९१२ साल उजाडावें लागलें. हे अधिकार मोठे दिसतात, पण त्यांची किंमतही तशीच होती. चेंडू जवळ असो वा नसो, गोलरक्षकाला खांद्याचा धक्का देऊन पाडण्यास प्रतिपक्ष मोकळा असे. या प्रकाराला नियमांनीं आळा घातला तो १८९० नंतरच्या दशकांत. एकानें चेंडू मारावा आणि दुसऱ्या दोघांनीं त्याच क्षणीं गोलरक्षकावर चालून जावें, हा सर्रास डाव होता. अशा स्थितींत चेंडू झेलून छातीशीं धरणें म्हणजे चेंडूसकट गोलांत लोटलें जाणें. म्हणून तो मुठीनें ठोसून दूर पाठविणें यांतच शहाणपण असे.

या मुष्टिप्रहारांत व्हार्टनचा हातखंडा होता. शिवाय उभें राहण्याची त्याची तऱ्हा निराळी होती. गोलाच्या एका कोपऱ्यांत खांबापाशीं तो दबून बसे, आणि आतां गोल झालाच असें प्रेक्षकांना वाटावें त्या क्षणीं झेप घेई. १९४२ सालीं शेफील्डच्या एका वर्तमानपत्रांत एका जुन्या प्रेक्षकानें आठवण लिहिली होती कीं, व्हार्टननें उडी मारून वरचा आडवा दांडा धरला, लोंबकळतच चेंडू दोन्ही पायांत पकडला, आणि त्याच्यावर धांवून आलेले तीन आघाडीचे खेळाडू तोल जाऊन गोलांत जाऊन पडले. पन्नासांहून अधिक वर्षांनंतर लिहिलेल्या आठवणींत थोडाफार मीठमसाला असणें शक्य आहे, हें इतिहासाच्या अभ्यासकानें धरूनच चालावें. तरी पण इतक्या वर्षांनीं कोणाला तरी तो आठवावा, आणि तो अशा तऱ्हेनें आठवावा, यावरून त्याच्या खेळाची छाप कशी होती हें समजतें.

येथें एक प्रश्न सहजच उद्भवतो. इंग्लंडांतील सर्वांत वेगवान धांवपटूला मैदानभर मोकळें न सोडतां दोन खांबांमध्यें कां उभें केलें? कित्येकांना यांत वर्णद्वेषाचा वास येतो. काळ्या मनुष्याला संघाच्या मध्यभागीं, जेथें योजना व हुकमत लागते तेथें, स्थान द्यावयाचें नाहीं, असा हा डाव होता असें ते म्हणतात. पुढच्या काळांत असे पूर्वग्रह इंग्लिश फुटबॉलमध्यें होते, यांत संशय नाहीं. पण व्हार्टनच्या बाबतींत हा पक्ष पुरता सिद्ध होत नाहीं. ज्या गोलरक्षकाला अर्धें मैदान मोकळें आहे, त्याला वेगाचा उपयोग काय कमी? शिवाय क्वचित् प्रसंगीं तो आघाडीच्या बाजूसही खेळलेला आहे. तेव्हां या एका गोष्टीवरून निष्कर्ष काढण्यापेक्षां जेथें पुरावा स्पष्ट आहे तिकडे वळणें श्रेयस्कर.

असा पुरावा प्रेस्टनच्या काळांत मिळतो. डार्लिंग्टनकडून खेळतांना त्याचें नांव झालें, आणि १८८६ मध्यें प्रेस्टन नॉर्थ एंड या त्या काळच्या बलाढ्य क्लबानें त्याला आपल्याकडे घेतलें. त्या हंगामांत प्रेस्टनचा संघ एफ. ए. कपाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोंचला व वेस्ट ब्रॉमिच आल्बियनकडून हरला. राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक म्हणून व्हार्टनची निवड व्हावी, असें कांहीं वर्तमानपत्रकारांनीं सुचविलें; ती निवड झाली नाहीं. उलट १८८७ मध्यें एका क्रीडाविषयक पत्रानें त्याच्या खेळांतील विनोदी ढंगावर टीका करतांना, गोलाचे खांब ही थट्टामस्करीची जागा नव्हे हें या काळ्याच्या जाड डोक्यांत शिरत नाहीं काय, अशा आशयाचा प्रश्न विचारला. टीका खेळाच्या ढंगावर होती असें क्षणभर धरूं. परंतु ज्या गोष्टीला गोऱ्या खेळाडूच्या बाबतींत धीटपणा अथवा लहर म्हटलें असतें, तिचें कारण येथें कातडीच्या रंगांत शोधलें गेलें. बर्लिनच्या परिषदेमागचें मत प्रेस्टनच्या मैदानापर्यंत कसें झिरपलें होतें, याचें यापेक्षां अधिक बोलकें उदाहरण देतां येणार नाहीं.

१८८८ मध्यें धांवण्याच्या पैशाच्या शर्यतींकडे लक्ष देण्यासाठीं त्यानें प्रेस्टन सोडलें. त्याच वर्षीं बारा क्लबांनीं मिळून फुटबॉल लीगची स्थापना केली, आणि पहिल्याच हंगामांत प्रेस्टननें एकही सामना न हरतां लीग जिंकली, कपही जिंकला. फुटबॉलच्या इतिहासांत अजिंक्य म्हणून अमर झालेल्या त्या संघांत व्हार्टनचें नांव नाहीं. मनुष्याचें दैव कित्येकदां अशा एका वर्षाच्या अंतरानें हुकतें.

यानंतरचें त्याचें आयुष्य गेलें तें लहान गांवांच्या लहान क्लबांत, आणि आमच्या दृष्टीनें चरित्राचा खरा भाग हाच आहे. १८८९ मध्यें तो रॉदरहॅम टाउन या क्लबांत वेतन घेऊन खेळूं लागला; जगांतील पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचा जो उल्लेख होतो तो यावरून. १८९० मध्यें तेथेंच त्यानें एमा लिस्टर या स्थानिक स्त्रीशीं लग्न केलें. रॉदरहॅमनें १८९२ व १८९३ अशीं लागोपाठ दोन वर्षें मिडलंड लीगचें अजिंक्यपद मिळविलें, आणि १८९३ मध्यें त्याला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागांत प्रवेश मिळाला. पण लोखंड व कोळसा यांवर जगणाऱ्या गांवाच्या क्लबाचा जमाखर्च शनिवारच्या दाराशीं जमणाऱ्या नाण्यांवर अवलंबून. त्यांत खेळाडूच्या वृद्धापकाळाची तरतूद कोठून होणार? उन्हाळ्यांत क्रिकेट खेळून तो चार पैसे मिळवी. नामांकित खेळाडूला दारूचा गुत्ता चालवावयास देणें ही त्या काळची रीत होती. म्हणजे गिऱ्हाईकही येई आणि खेळाडूही बांधला जाई. व्हार्टनलाही असे गुत्ते मिळाले, आणि त्या धंद्याबरोबर येणारें व्यसनही मिळालें.

१८९४ मध्यें शेजारच्या शेफील्ड युनायटेडनें त्याला घेतलें. तो पहिल्या विभागांतला क्लब; पण त्याच वर्षीं तेथें विल्यम फोक हा वीस वर्षांचा अवाढव्य देहाचा गोलरक्षक दाखल झाला. फोक पुढें इंग्लंडकडून खेळला, आणि त्याच्या वजनाच्या आख्यायिका अजून सांगितल्या जातात. एकोणतीस वर्षांच्या व्हार्टनच्या वांट्याला पहिल्या विभागाचें मैदान जवळजवळ आलेंच नाहीं. तो १८९५ मध्यें रॉदरहॅमला परतला, तर १८९६ मध्यें तो क्लबच लीगबाहेर पडून मोडला. मग स्टॅलीब्रिज रोव्हर्स, मग अॅश्टन नॉर्थ एंड, तेथेंही दिवाळें वाजलें, पुन्हा स्टॅलीब्रिज, आणि शेवटीं १९०१–०२ च्या हंगामांत दुसऱ्या विभागांतील स्टॉकपोर्ट काउंटीकडून थोडेसे सामने. त्याच १९०१ सालीं लीगनें खेळाडूचें वेतन आठवड्याला चार पौंडांहून अधिक असूं नये असा नियम केला, आणि कमाल वेतनाच्या मर्यादेचें बंधन १९६१ पर्यंत टिकलें. त्या चार पौंडांपर्यंत पोंचणारे खेळाडूही थोडेच होते; खालच्या क्लबांतील गोलरक्षकाचा विचारच नको.

मायदेशाचें दार त्याला मोकळें नव्हतें काय? गोल्ड कोस्टच्या सरकारी नोकरींत जागा मिळावी म्हणून त्यानें अर्ज केला होता. तो नाकारण्यांत आला. धंदेवाईक खेळाडूचें जीवन सरकारी अधिकाऱ्याच्या प्रतिष्ठेस साजेसें नाहीं असें कारण त्यामागें होतें. ही घटना वाचतांना रणजितसिंहांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. केंब्रिजमध्यें शिकलेल्या या राजपुत्रानें १८९६ सालीं मँचेस्टर येथें इंग्लंडच्या वतीनें पहिला कसोटी सामना खेळून १५४ धांवा नाबाद काढल्या, आणि सारा इंग्लंड त्यांच्या नांवानें वेडा झाला. तेंच १८९६ साल व्हार्टन मोडलेल्या क्लबांतून दुसऱ्या दारिद्री क्लबांत जाण्याचें. दोघेही परक्या वर्णाचे, दोघांचाही राजकुळाशीं संबंध. मग फरक कोठें पडला? एक हौशी होता व दुसरा पैसे घेऊन खेळे. एकाचें मैदान सभ्य गृहस्थांचें, दुसऱ्याचें गिरणीकामगारांचें. वर्णाचा अडथळा दोघांपुढेंही होता, आणि रणजितसिंहांनाही तो भोंवल्याचे दाखले आहेत. पण ज्याच्यापाशीं कुल, विद्यापीठ आणि हौशीपणा यांचें त्रिविध कवच होतें तो तरला. वर्ण आणि वर्ग हे दोन जांच एकत्र आले म्हणजे मनुष्य कसा दबून जातो, हें व्हार्टनच्या चरित्रांत दिसतें. आपल्या समाजांत जन्म आणि धंदा यांची सांगड किती घट्ट बसलेली आहे हें जाणणाऱ्या वाचकांस याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

खेळ सुटल्यावर तो कोळशाच्या खाणीकडे वळला. डॉन्कास्टरजवळच्या एड्लिंग्टन गांवीं यॉर्कशायर मेन या खाणींत कोळशाच्या गाड्या ओढण्याच्या कामावर तो मजूर होता. एकेकाळीं दहा सेकंदांत शंभर यार्ड तोडणारे पाय आतां जमिनीच्या पोटांत राबत होते. १३ डिसेंबर १९३० रोजीं, वयाच्या पांसष्टाव्या वर्षीं, डॉन्कास्टर येथील आरोग्यभवनांत त्याचा अंत झाला. एड्लिंग्टनच्या स्मशानभूमींत त्याला गरिबांच्या जागेंत पुरण्यांत आलें, आणि थडग्यावर नांवाचा दगडही बसला नाहीं.

हें विस्मरण कशामुळें झालें? केवळ रंगामुळें, असें उत्तर सोपें आहे पण अपुरें आहे. दुसऱ्या विभागांतल्या शेंकडों गोऱ्या खेळाडूंच्या थडग्यांवरही दगड नाहींत. मजुरांच्या खेळाची नोंद ठेवावी असें इतिहासकारांना पुष्कळ काळ वाटलें नाहीं, आणि त्यांतही गोल अडविणाऱ्याचें काम असें कीं तें यशस्वी झालें म्हणजे निकालाच्या आंकड्यांत कांहींच दिसत नाहीं. परंतु गोऱ्या खेळाडूचें विस्मरण आणि व्हार्टनचें विस्मरण यांत एक भेद राहतोच. आपल्या फुटबॉलमध्यें काळे लोक अगदीं अलीकडे, दुसऱ्या महायुद्धानंतर आले, अशी समजूत इंग्लंडांत पुष्कळ वर्षें रूढ होती. आणि १९७० नंतरच्या दशकांत काळ्या खेळाडूंवर प्रेक्षकांतून केळीं फेंकलीं जात, तीं याच समजुतीच्या बळावर. स्कॉटलंडचा अँड्र्यू वॉटसन १८८१ सालींच राष्ट्रीय संघाचा कर्णधार होता, व्हार्टन १८८६ मध्यें प्रेस्टनचा गोलरक्षक होता, टॉटनहॅमकडून खेळलेला वॉल्टर टल १९१८ मध्यें इंग्लंडच्या सैन्यांतील अधिकारी म्हणून रणांगणावर पडला. या गोष्टी लोकांच्या स्मरणांत असत्या, तर निदान तुम्ही काल आलांत असें म्हणण्याची सोय राहिली नसती. विस्मृति निरुपद्रवी नसते ती अशी.

तिची भरपाई पुढें झाली. फुटबॉलमधील वर्णद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या शेफील्डच्या एका संस्थेच्या खटपटीनें १९९७ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनीं, त्याच्या थडग्यावर दगड बसला. १९९८ मध्यें फिल व्हासिली या संशोधकानें त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. २००३ सालीं इंग्लिश फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादींत त्याचें नांव घालण्यांत आलें, आणि २०१४ मध्यें राष्ट्रीय संघाच्या सेंट जॉर्जेस पार्क या शिक्षणकेंद्रांत, दांड्यावरून चेंडू पलीकडे लोटीत असलेला त्याचा पुतळा उभा राहिला. ज्या राष्ट्रीय संघांत त्याला जागा मिळाली नाहीं, त्याच संघाच्या अंगणांत तो आतां कायमचा गोलरक्षक झाला आहे.

हा सन्मान योग्यच आहे. तरी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक खेळाडू या एका बिरुदांत व्हार्टनला बसविला, कीं आपलें कर्तव्य संपलें असें मानण्याचा मोह होतो. पहिलेपणाचा मान योगायोगानेंही मिळतो. परंतु धर्मोपदेशकाची सुरक्षित वाट सोडून आपल्या आवडीच्या धंद्यांत उडी घेणें, निंदेला न जुमानतां आपल्या ढंगानेंच खेळणें, आणि क्लब मोडत असतांना सदतिसाव्या वर्षापर्यंत दर शनिवारीं पुन्हा त्या दोन खांबांमध्यें जाऊन उभें राहणें, हें योगायोगाचें काम नव्हे. त्याच्यापुढें रॉदरहॅमचे आणि स्टॅलीब्रिजचे जे मजूर प्रेक्षक उभे असत त्यांनीं आठवण ठेवली ती याची. त्यांच्यापैकींच एकानें १९४२ सालीं, मोठमोठीं शहरें बाँबखालीं कोसळत असतांना, वर्तमानपत्राला पत्र लिहून त्या दांड्याला लोंबकळणाऱ्या गोलरक्षकाची हकीकत कळविली. दगड बसण्यापूर्वीं पंचावन्न वर्षें लिहिलेलें तें पत्र हेंच व्हार्टनचें पहिलें स्मारक होय.